बशीच्या पाठीवर काय लिहिलंय?

चिनी मातीच्या जुन्या बशीची वाचण्यासारखी बाजू पाठीमागची असते. पुढे गुलाब, तळ्याकाठची झोपडी, सोनेरी कड. मागे बोटाच्या पेराएवढा शिक्का. ती कुठे भाजली, साधारण कधी भाजली आणि कुणाच्या राज्यात भाजली, हे त्या शिक्क्यावरून कळतं.

'कुणाच्या राज्यात' हे उगाच म्हणत नाहीये. काही बश्यांच्या मागे लाल अक्षरांत 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं छापलेलं असतं, म्हणजे 'परक्यांच्या ताब्यातल्या जपानमध्ये बनवलेली'. दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर जपान १९५२ पर्यंत दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. त्या काळात, १९४७ पासून पुढे काही वर्षं, निर्यातीच्या मालावर हा शिक्का मारला जाई. आपण १९४७ मध्ये स्वतंत्र होत होतो आणि तिकडे एक देश आपल्या बशीच्या पाठीवर स्वतःचं पारतंत्र्य छापून जगाला विकत होता. त्या ताबा सैन्यात भारतीय सैनिकही होते. ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखालच्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अंधेरी पूर्वेला राहतो. गेली पाच वर्षं हाताने रंगवलेल्या छोट्या पोर्सेलीनच्या बश्या जमवतोय. आज ४१ आहेत. सगळ्यात मोठी तळहाताएवढी. इंग्रजीत यांना 'ट्रिंकेट डिश' म्हणतात. आपल्याकडे वेगळा शब्द नाही. भंगारवाला 'छोटी प्लेट' म्हणतो, माझी बोरिवलीची मावशी 'तबकडी' म्हणते. अंगठ्या, कानातले, टाचण्या, केसांचे आकडे ठेवायला आरशासमोर ही असायची. जेवणाशी तिचा संबंध नाही. मराठी घरात ती शिरू शकली त्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

कप बाटवतो, बरणी बाटवत नाही

पोर्सेलीन म्हणजे काओलिन नावाची पांढरी माती आणि फेल्डस्पारसारखे खनिज यांचं मिश्रण, साधारण १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानावर भाजलेलं. एवढ्या उष्णतेत माती अर्धवट काचेसारखी होते. पाणी शोषत नाही, पातळ असली तर उजेड आरपार दाखवते. चीनला हे हजार वर्षांपूर्वी जमलं होतं. युरोपला १७०८ च्या सुमारास जमलं. जर्मनीत बोटगर नावाच्या तरुणाला राजाने सोनं बनवण्यासाठी डांबून ठेवलं होतं. सोनं झालं नाही, पोर्सेलीन झालं. त्यातून १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला.

आपल्याकडे हा माल समुद्रमार्गे फार आधीपासून येत होता. कोकणातल्या चौलसारख्या जुन्या बंदरांच्या जागी चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. 'बशी' हा शब्दही पोर्तुगीज 'बासिया'वरून आल्याचं सांगितलं जातं. म्हणजे वस्तू आणि शब्द दोन्ही किनाऱ्यावर उतरले होते. पण घाट चढून सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जायला त्यांना बराच वेळ लागला.

अडचण शुद्धीची होती. तांब्या-पितळेचं भांडं चिंच-राखेने घासून किंवा विस्तवावर धरून शुद्ध करता येतं. मातीचं भांडं उष्टं झालं की टाकून द्यायचं. चिनी मातीला 'माती' म्हटल्यामुळे तिलाही तोच नियम लागला. खरं तर झिलई दिलेलं पोर्सेलीन पितळेपेक्षा कमी डाग धरतं. पण नियम नावाला लागला होता, गुणधर्माला नाही.

हा नियम किती कडक होता, ते १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात दिसलं. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी गेलेल्या मंडळींसमोर चहा आणि बिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता कप हातात घेतला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपाने सुधारक आणि सनातनी दोघांनाही दोन वर्षं कामाला लावलं.

त्याच काळात त्याच घरांच्या फडताळात लोणच्याची बरणी मात्र बिनदिक्कत बसलेली होती. तीही झिलईची मातीच. पण लिंबाचा आंबटपणा आणि मीठ पितळ खातात, बरणीला काही करू शकत नाहीत. लोणचं पाहिजे असेल तर बरणीला पर्याय नव्हता, म्हणून तिला सूट. पुढे अशा बरण्या बनवण्यात एका मराठी माणसाचं नाव झालं. परशुराम गणपुले यांनी काठेवाडात, थानगड भागात, मातीकामाचे कारखाने काढले. परशुराम पॉटरी हे नाव त्यांचंच.

म्हणजे मराठी घरात चिनी माती दोन दारांनी आली. मागच्या दाराने बरणी, जिच्याशिवाय चालत नव्हतं. आणि बऱ्याच उशिरा, पुढच्या दाराने, दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवायची शोभेची वस्तू. माझ्या तबकड्या या दुसऱ्या दाराने आलेल्या.

अफू, कापूस आणि गुलाबाची फुलं

मुंबईत पोर्सेलीन मोठ्या प्रमाणात आलं ते चीनच्या व्यापारातून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू आणि गुजरातचा कापूस मुंबईहून कँटनला जायचा. येताना रेशीम, चहा, चांदी आणि चिनी भांडी. या व्यापारात पारशी शेठ पुढे होते. त्यातले सर्वांत प्रसिद्ध सर जमशेटजी जीजीभॉय, जन्म १७८३. त्यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. पारशी घरांतल्या काचेच्या कपाटात आजही दिसणारी गुलाबी-हिरव्या चित्रांची मोठी ताटं त्याच वाटेने आली.

त्या गुलाबी रंगाचीही गोष्ट आहे. तो सोन्यापासून बनतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत विखुरले की काच गुलाबी दिसते. ही युक्ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून चीनला पोचली आणि चिनी कारागिरांनी त्यातून अख्खी शैली उभी केली. लोखंडापासून विटकरी लाल, तांब्यापासून हिरवा, कोबाल्टपासून निळा. चितारी रंगवत असतो तेव्हा हे रंग वेगळेच दिसतात, खरा रंग भट्टीतून बाहेर आल्यावर कळतो. आउटपुट न बघता कोड लिहायचा आणि रात्री एकदाच रन करायचा, तसं हे काम.

या व्यापारातल्या अफूने चीनमध्ये काय केलं ते आपण शाळेत वाचलेलं असतं. पण तोच पैसा मुंबईत दवाखाने, धर्मशाळा आणि शाळा होऊन उभा आहे. जमशेटजींच्या देणगीतून १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. १८७० च्या दशकात तिथे जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचा विभाग नावारूपाला आणला. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. तिथली चित्रं जे. जे.च्या फुलदाण्यांवर आणि थाळ्यांवर उतरली. हे पोर्सेलीन नाही, साध्या भाजलेल्या मातीवरचं झिलईचं काम आहे. पण मुंबईत, मुंबईच्या हातांनी रंगवलेली भांडी बघायची असतील तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. शनिवारची दुपार सत्कारणी लागेल.

छोट्या तबकड्यांची वाट मात्र चीनहून नाही, जपानहून येते. तिच्या मुळाशी कापूस आहे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने मिळून मुंबई ते कोबे अशी बोट सुरू केली. जपानच्या नव्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि ब्रिटिश कंपन्यांचं भाडं परवडत नव्हतं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून स्पर्धा मोडायचा प्रयत्न केला. टाटांनी पुढे अंग काढलं, पण जपानी बोटी येत राहिल्या. कापसाच्या गाठी घेऊन गेलेलं जहाज परतताना रिकामं येत नाही. आगपेट्या, खेळणी, रेशीम, काचसामान आणि चिनी मातीची भांडी मुंबई बंदरात उतरू लागली. १९३० च्या दशकापर्यंत जपानी माल इतका स्वस्त आणि इतका जास्त झाला होता, की देशी कारखानदार सरकारकडे जकात वाढवून मागत होते.

दुसऱ्या टोकाला, याच टाटा घराण्यातल्या सर रतन आणि सर दोराबजी यांनी चिनी-जपानी कलावस्तूंचे मोठे संग्रह केले. ते आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. संग्रहालयातलं काचेआडचं पोर्सेलीन आणि माझ्या टेबलावरची तबकडी यांच्यात किमतीचा फरक आकाशपाताळाचा आहे. समुद्र तोच आहे.

'हँड पेंटेड' म्हणजे नेमकं कुणाचा हात?

माझ्या ४१ पैकी १७ बश्यांच्या मागे एकाच घराण्याचे शिक्के आहेत. पानांच्या वर्तुळात इंग्रजी 'एम' हे अक्षर. हा 'एम' मोरिमुरा बंधूंचा. त्यांनी १८७६ मध्ये व्यापार सुरू केला, न्यूयॉर्कमध्ये दुकान काढलं आणि १९०४ मध्ये नागोयाजवळच्या नोरिताके गावात कारखाना उभारला. त्या गावाचं नाव पुढे जगभर गेलं.

त्यांची पहिली मोठी अडचण गंमतशीर होती. जेवणाची मोठी, सपाट प्लेट जमत नव्हती. भट्टीत मध्यभाग बसायचा. पहिला पूर्ण डिनर सेट बाजारात यायला १९१४ साल उजाडलं. तोवर फुलदाण्या, डबे आणि छोट्या तबकड्या जोरात होत्या. छोट्या आकारात माती वाकत नाही, आणि कमी जागेत जास्त चित्रं विकता येतात.

डिझाइन न्यूयॉर्कमध्ये जलरंगात काढलं जायचं, बोटीने जपानला यायचं, आणि तिथे चिताऱ्यांच्या रांगा ते हाताने उतरवायच्या. म्हणजे ऑफशोअर आउटसोर्सिंग. स्पेसिफिकेशन अमेरिकेचं, काम आशियाचं, श्रेय ब्रँडचं. माझ्या कामाचं स्वरूप जवळजवळ हेच आहे. म्हणून मला या अनोळखी चिताऱ्यांबद्दल जवळीक वाटते. एकाच डिझाइनच्या दोन तबकड्या माझ्याकडे आहेत. तळं, झाड, झोपडी, सगळं तेच. पण एकीतल्या झाडाच्या फांद्या भराभर ओढलेल्या आहेत, दुसरीत एकेक पान मोजून काढल्यासारखं. दोन वेगळी माणसं, किंवा एकाच माणसाची सकाळ आणि संध्याकाळ. शिक्का दोघींवर एकच.

शिक्क्यांवरून साल काढणं हा या छंदातला सर्वांत मजेचा भाग. १८९० च्या अमेरिकी कायद्यामुळे आयात मालावर देशाचं नाव लागू लागलं. जपानने 'निप्पॉन' लिहिलं. १९२१ मध्ये अमेरिकेने सांगितलं, हा इंग्रजी शब्द नाही, 'जपान' लिहा. म्हणून 'निप्पॉन' दिसलं तर वस्तू साधारण १८९१ ते १९२१ ची. युद्धानंतर माल आणि कारागीर दोन्ही धड नव्हते, तेव्हा कारखान्याने आपलं नाव खराब होऊ नये म्हणून काही काळ 'रोझ चायना' या वेगळ्या नावाने भांडी विकली. आणि १९५३ च्या सुमारास वर्तुळातला 'एम' जाऊन 'एन' आला. एका अक्षरात वस्तू १९५३ च्या आधीची की नंतरची, हे साधारण कळतं.

खिशातली प्रयोगशाळा

तुमच्या घरात अशी बशी असेल तर हे आत्ता करून बघता येईल. लागतो फक्त फोन.

फोनचा टॉर्च बशीमागे धरा. पुढून बोटाची सावली दिसली तर पोर्सेलीन. उजेड अजिबात आला नाही तर बहुतेक साधी भाजकी माती.

मग कॅमेरा जमेल तितका जवळ न्या आणि फोटो मोठा करा. चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं दिसलं, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखं, तर ते छापील कागदावरून उतरवलेलं आहे. ब्रशचा फराटा, रंगाचा जाड-पातळपणा, कडेला जमलेला थेंब दिसला तर हाताचं काम. बऱ्याचदा दोन्ही असतं, म्हणजे रेघ छापील आणि आतला रंग हाताने भरलेला.

शेवटी डोळे मिटून बोट फिरवा. झिलईच्या वर काढलेलं चित्र किंचित उंच लागतं. हे रंग तयार बशीवर देऊन पुन्हा साधारण ८०० अंशांच्या आसपास भाजलेले असतात, त्यामुळे ते झिलईवर बसतात, तिच्यात पूर्ण विरत नाहीत. म्हणूनच जुन्या बशीतली सोनेरी कड घासून जाते. आणि याच कारणासाठी अशा जुन्या बशीत खाऊ नका. जुन्या रंगांत शिसं, कॅडमियम असू शकतं. अंगठी ठेवा, चटणी नको.

शोकेस कुठे गेली?

माझ्या बश्या चोरबाजारातून कमी आणि उपनगरांतून जास्त आल्या आहेत. यालाही कारण आहे.

१९२८ मध्ये विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली. १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग महापालिकेच्या हद्दीत आला. गिरगाव, दादरच्या चाळींतून माणसं स्वतःच्या ब्लॉकमध्ये राहायला निघाली. पहिल्यांदाच बैठकीची वेगळी खोली मिळाली आणि त्या खोलीत शोकेस आली. नेमकं त्याच सुमारास परकीय चलनाच्या टंचाईमुळे सरकारने आयात आवळली. परदेशी क्रॉकरी दुकानातून जवळजवळ गेली. मग शोकेसमध्ये काय ठेवायचं? लग्नात आलेलं युद्धापूर्वीचं काही. बोटीवर नोकरी करणाऱ्या रत्नागिरीच्या किंवा गोव्याच्या नातेवाइकाने ट्रंकेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणलेलं काही. बेंगाल पॉटरीजचा देशी टी-सेट. तबकडी ट्रंकेत मावते, फुटत नाही, आणि 'फॉरेनची' म्हणून मिरवता येते. त्यामुळे ती टिकली.

वापरायची भांडी मात्र स्टीलची झाली. दारावर बोहारीण यायची, जुन्या साड्या घ्यायची, स्टीलचं पातेलं द्यायची. चिनी माती त्या सौद्यात कधीच नव्हती. म्हणून ती शोकेसमध्येच राहिली, ५०-६० वर्षं, त्याच जागी.

आता त्या जागाच जाताहेत. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही गल्लीत जा, एखादी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली असते. इमारत रिकामी करायच्या आठवड्यात घरातली चार माणसं तीस-चाळीस वर्षांचं सामान चाळतात. फ्रीज जातो, कपाट जातं, देवघर आधी जातं. भिंतीतली लाकडी शोकेस नेता येत नाही. नव्या फ्लॅटच्या भिंतीत टीव्हीचं युनिट असतं. मग शोकेसमधलं सामान एका खोक्यात भरून भंगारात. भंगारवाला पितळ तोलून घेतो, कागद तोलून घेतो, चिनी मातीला वजनाचा भाव नाही. फुटलेली टाकतो, धड असलेली बाजूला ठेवतो. माझ्यासारख्याला ती पन्नास-शंभर रुपयांत मिळते.

बशी वाचते, पण तिची माहिती वाचत नाही. 'निप्पॉन' आणि 'ऑक्युपाइड जपान' मला शिक्क्यावरून कळतं. ती कुणी आणली, कुणाच्या लग्नात आली, तिच्यात काय ठेवायचे, हे शिक्क्यावर नसतं. ते फक्त खोकं भरणाऱ्या माणसाला माहीत असतं, आणि त्या आठवड्यात त्याला विचारायला कुणाला वेळ नसतो.

पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण इथे येते. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, फण्या, पानाचे डबे, वज्र्या जमवत राहिले आणि मुलाच्या नावाने राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं राहिलं. त्यांनी वाड्यातल्या रोजच्या वस्तू ते वाडे पडायच्या आधी उचलल्या. आज वाड्यांच्या जागी १९६०-७० मधल्या तीन मजली इमारती आहेत. त्यांच्या शोकेसला अजून कुणी वारसा म्हणत नाही. तिच्यात प्लॅस्टिकची फुलं, मुलाची ट्रॉफी, ताजमहाल आणि एखादी जपानी तबकडी शेजारी शेजारी बसलेली असतात. पण मुंबईचा मध्यमवर्ग उपनगरात स्थिरावताना स्वतःला कसा बघत होता, हे त्या काचेमागे जितकं दिसतं तितकं दुसरीकडे क्वचित दिसेल.

म्हणून वर्षभरापासून मी भंगाराच्या दुकानाआधी घरं गाठतो. ओळखीतून, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून. बशी मिळालीच पाहिजे असं नाही. मुलुंडच्या एका आजींनी बशी दिली नाही, फक्त हकिगत सांगितली. तिच्यात त्या ४० वर्षं रेल्वेच्या पासाचे सुटे पैसे ठेवायच्या. मिस्टर सकाळी निघताना तिथूनच घ्यायचे. बशी नागोयाची, युद्धापूर्वीची, 'एम' शिक्क्याची. सासूबाईंकडून आलेली. मी फोटो काढला, शिक्क्याचा अर्थ सांगितला. आजी म्हणाल्या, "म्हणजे ती माझ्याहून मोठी आहे की." आणि नवीन घरात न्यायच्या खोक्यावर सुनेला मार्करने 'जपून' असं लिहायला लावलं.

माझ्या यादीत प्रत्येक बशीसाठी आकार, शिक्का, साल, चित्र हापील की हाताचं, असे रकाने आहेत. त्यात मी आता आणखी तीन घातलेत: कुठल्या घरातून, कुणी आणली, तिच्यात काय ठेवायचे. ४१ पैकी २९ ओळींमध्ये हे तीन रकाने रिकामे आहेत आणि ते आता भरता येणार नाहीत. तुमच्या घरी किंवा आजोळी शोकेस अजून जागेवर असेल, तर या रविवारी तिच्यातली एक बशी उलटी करून बघा. शिक्क्याचा फोटो काढा आणि शेजारी जे कुणी वडीलधारं बसलेलं असेल त्यांना विचारा, ही कुठून आली. शिक्क्याचं साल नंतरही शोधता येईल. आधी त्यांचं ऐकून घ्या.